एका पेनीचा घोडा : नाणं टाकून डुलणाऱ्या घोड्यांचा इतिहास

गोदाकाठ

मंडळी, नाशिक सोडून ग्रँड रॅपिड्सला आलो त्याला आता सात वर्षं झाली. आठवड्याचं सामान इथल्या मायर नावाच्या दुकानातून भरतो. पैसे देऊन दाराकडे निघालं की वाटेत एक घोडा उभा असतो, सँडी त्याचं नाव. खाचेत एक पेनी टाकली की तो डुलायला लागतो. पेनी म्हणजे डॉलरचा शंभरावा भाग, इथलं सगळ्यात कमी किमतीचं नाणं. रस्त्यात पडलेली दिसली तर कुणी वाकत नाही. आमची लेक मात्र वाकते. तिच्याकडे पत्र्याची एक डबी आहे, त्यात फक्त सँडीची नाणी.

२०२५ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या टांकसाळीनं चलनातली पेनी पाडणं थांबवलं. रात्री जेवताना आम्ही त्यावर बोलत होतो, तर लेक ताटावरून उठून डबी घेऊन आली आणि म्हणाली, "बाबा, मग सँडी आता काय खाणार?" जुनी नाणी चालूच राहणार आहेत, हे तिला समजावलं. पण तिच्या प्रश्नानं मला खोदायला लावलं. गेले दोन महिने वेळ मिळेल तसं वाचतोय. जे सापडलं ते इथे मांडतो, जाणकारांनी भर घालावी.

सँडी १९६२ पासून आहे. त्या वर्षी मायरचं पहिलं 'थ्रिफ्टी एकर्स' दुकान ह्याच गावात उघडलं. किराणा, कपडे, हातोड्या-खिळे सगळं एका छपराखाली, ही कल्पना तेव्हा नवी होती. दुकानाचा मूळ पुरुष हेन्ड्रिक मायर हा हॉलंडहून आलेला न्हावी. मंदीच्या दिवसांत, १९३४ साली, त्यानं ग्रीनव्हिल नावाच्या लहान गावात किराणा मालाचं दुकान टाकलं. आज दोनशेहून जास्त दुकानं आहेत आणि सँडीचं भाडं अजून एक पेनीच आहे. ह्या घोड्यातून दुकानाला कमाई होत असेल असं मला वाटत नाही. तरी तो चालू असतो. आमच्या दुकानात तर चौथऱ्यावर कुणीतरी तीन-चार नाणी मुद्दाम ठेवून गेलेलं असतं, मागून येणाऱ्या पोरासाठी.

आता मूळ घोड्याकडे येतो. मिसुरी राज्यात साइकस्टन नावाचं गाव आहे. तिथल्या जेम्स ओटो हास ह्या माणसानं १९३० च्या सुमारास आपल्या मुलांना नाताळची भेट म्हणून यंत्रावर चालणारा घोडा बनवला. पुढे त्याला वाटलं, हा बाजारात का आणू नये? पहिले घोडे त्यानं मेरी-गो-राउंडचे घोडे कोरणाऱ्या कारागिरांकडून लाकडात करून घेतले. ते फार जड झाले, म्हणून तो ॲल्युमिनियमच्या ओतकामाकडे वळला. १९३२ मध्ये त्याला वर्षातला सगळ्यात अभिनव शोध म्हणून बक्षीस मिळालं. मग शिकागोच्या एक्झिबिट सप्लाय कंपनीशी करार झाला: घोडे त्यांनी खपवायचे आणि एकूण उत्पन्नातले पाच टक्के हासचे.

तरी घोडा खरा उधळला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. सैनिक घरी परतले, पाळणे हलले, उपनगरं वसली आणि गाडी घेऊन जायची मोठी दुकानं आली. आईच्या एका हाताला पोर आणि दुसऱ्या हातात सामानाची गाडी. १९५० च्या दशकात दुकानाच्या दाराशी घोडा दिसणं नेहमीचं झालं. एक्झिबिट सप्लायचा 'बिग ब्रॉन्को' आणि बॅली कंपनीचा 'द चॅम्पियन' ही त्या काळातली गाजलेली नावं. दहा सेंटांचं नाणं टाकायचं आणि बसायचं. टीव्हीवर काउबॉय होते, त्यामुळे घोडा हवाच होता. दशक संपता संपता शेजारी रॉकेटही येऊन उभं राहिलं.

अर्धविराम

लेख चांगला आहे, पण मी दुसरी बाजू लिहिणार. मुलगा तीन वर्षांचा असताना आमच्या घराजवळच्या एका मॉलमध्ये असली सहा खेळणी ओळीनं ठेवलेली होती, नेमकी लिफ्टच्या तोंडाशी. दुसरी वाट नव्हती. एका फेरीला पन्नास रुपये आणि फेरी संपायच्या आत रडारड सुरू. दर वेळी ओढत न्यावं लागायचं आणि लोक माझ्याकडे बघायचे. मुलाच्या हट्टावर बेतलेला धंदा आहे हा. हासनं आपल्या पोरांसाठी घोडा केला ते गोडच आहे, पण दुकानदारानं तो दाराशी ठेवला तो कशासाठी, हेही लिहा.

गोदाकाठ

अर्धविराम, तुमचं म्हणणं खरं आहे. घोडा दाराशी ठेवला तो धंद्यासाठीच, मी ते नाकारत नाही. पण पन्नास रुपये आणि एक पेनी ह्यात जो फरक आहे, त्याच्याबद्दलच मला बोलायचं आहे. एका पेनीला हट्टाचं भांडण होत नाही. पोर उतरतं, हवं तर पुन्हा बसतं, मागे रांग असेल तर आपण होऊन बाजूला होतं.

ओतारी

कोल्हापुरातून लिहितोय. चाळीस वर्षं फौंड्रीत गेली, आता घरी असतो. लाकडी घोडा जड झाला म्हणून तो ॲल्युमिनियमवर गेला, हे वाचून काही जणांना नवल वाटेल. धातू लाकडापेक्षा हलका कसा? तर कोरीव घोडा जाड फळ्या जोडून करतात, त्याला अंग असतं. ओतलेला घोडा आतून पोकळ असतो.

असा घोडा एका ओतणीत निघत नाही. आधी सुतार लाकडाचा पॅटर्न, म्हणजे नमुना करतो. घोड्याचे उभे दोन भाग, डावा आणि उजवा. प्रत्येक भाग वाळूत दाबून साचा घ्यायचा आणि आत वाळूचाच कोअर बसवायचा. साचा आणि कोअर ह्यांच्यामध्ये जी फट राहते, तेवढीच धातूची जाडी. चार-पाच मिलिमीटर धरा. ॲल्युमिनियम साधारण ६६० अंशांना वितळतं, त्यामुळे भट्टी लोखंडाच्या मानानं सोपी. पण पातळ अंगात धातू पोचेपर्यंत थंड होतो, कान आणि शेपटीच्या टोकाला अर्धवट राहतो. आम्ही त्याला थंड जोड म्हणायचो. मग दोन्ही भाग जुळवून आतून बोल्ट मारायचे, सांधा कानशीनं साफ करायचा आणि वर रंग.

जुना घोडा ओळखायचा असेल तर पोटाखाली हात घाला. मधोमध सांधा लागला आणि नखानं टकटक केल्यावर भांड्यासारखा आवाज आला, तर ओतीव. बद्द आवाज आला तर फायबर. फायबर नंतर आलं, स्वस्त पडलं आणि त्यात हवा तो आकार काढता आला. पण ओतीव घोड्याच्या आयाळीत कोरणाऱ्याच्या पटाशीचे फटके जसेच्या तसे उतरतात. मूळ पॅटर्न लाकडी होता ना. म्हणजे ज्यानं तो एकदा कोरला त्याचा हात शेकडो घोड्यांवर फिरलेला असतो. मला ह्या गोष्टीचं फार वाटतं, म्हणून लिहिलं.

गोदाकाठ

ओतारीकाका, हे कुठल्याच लेखात सापडलं नव्हतं! उद्या जाऊन सँडीच्या पोटावर टकटक करतो.

एक मोठी भर माझ्याकडूनही. यंत्राचा घोडा हासच्याही आधीचा आहे, फक्त तो मुलांसाठी नव्हता. स्टॉकहोममध्ये गुस्ताव झांडर नावाच्या डॉक्टरनं १८६५ मध्ये यंत्रांवर व्यायाम करून घेणारी संस्था काढली. त्याच्या यंत्रांत घोडेस्वारीसारखं हलवणारं खोगीरही होतं. १९१२ च्या टायटॅनिक जहाजाच्या व्यायामशाळेत विजेचा घोडा होता आणि सोबत विजेचा उंट! बॅटल क्रीकचे डॉक्टर केलॉग, तेच न्याहारीच्या कॉर्नफ्लेक्सवाले, आपल्या आरोग्यधामात असे घोडे वापरत. बॅटल क्रीक आमच्याकडून गाडीनं तासाभरावर आहे. अमेरिकेचे अध्यक्ष कूलिज ह्यांनी तर १९२० च्या दशकात व्हाइट हाउसमध्ये विजेचा घोडा ठेवला होता. बातमी फुटल्यावर वर्तमानपत्रांनी त्यांची भरपूर थट्टा केली. तो घोडा आता मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थॅम्प्टनला त्यांच्या संग्रहालयात आहे.

म्हणजे हासच्या आधी यंत्राचा घोडा होता, जत्रेतला लाकडी घोडा होता आणि नाणं टाकून चालणारी यंत्रंही होती. लंडनमध्ये १८८० च्या दशकात नाणं टाकून पोस्टकार्ड देणारी यंत्रं आली होती. हासनं ह्या तिन्हींची मोट बांधली आणि त्यावर पोराला बसवलं. श्रीमंतांच्या पोटाच्या तक्रारींसाठी केलेलं यंत्र किराणा दुकानाच्या दारात आलं, मला हे थोर वाटतं.

समुद्रसपाटी

मी योकोहामात असते, नोकरीमुळे. इथे हा विषय फार जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे जरा लांब लिहिते.

जपानमध्ये घोडा दाराशी नव्हता, गच्चीवर होता. मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरच्या गच्चीवर मुलांसाठी बाग आणि खेळणी असायची. १९३१ मध्ये तोक्योच्या आसाकुसा भागात मात्सुया स्टोअर उघडलं, त्याच्या गच्चीवर 'स्पोर्ट्स लँड' होतं. आई-आजी खालच्या मजल्यांवर खरेदी करणार, मुलं वर. जेवायलाही तिथेच.

युद्धात शहरं बेचिराख झाली. त्यानंतरची गोष्ट. मासाया नाकामुरा नावाचा तरुण, जहाजबांधणी शिकलेला. १९४८ ला पदवी घेतली, पण त्या क्षेत्रात कामच नव्हतं. वडिलांचा बंदुका दुरुस्तीचा धंदा, त्यात राहिला. १९५५ मध्ये त्यानं 'नाकामुरा सेइसाकुशो' ही कंपनी काढली आणि कंपनीची सगळी मालमत्ता म्हणजे नाणं टाकून डुलणारे दोन घोडे. ते त्यानं योकोहामातल्या एका स्टोअरच्या गच्चीवर ठेवले. नाकामुरा स्वतः घोडे पुसायचा, तेलपाणी करायचा आणि मुलांना घेऊन आलेल्या आयांचं वाकून स्वागत करायचा. मालक, मेकॅनिक आणि दारवान एकच माणूस.

पुढे तोक्योच्या निहोनबाशीमधल्या मित्सुकोशी स्टोअरच्या गच्चीवर त्याला जागा मिळाली, मुलांच्या गाड्यांची मोठी फेरी उभी राहिली आणि कंपनी वाढत गेली. कंपनीचं नाव पुढे आखूड होऊन 'नामको' झालं. हो, तीच नामको. १९८० मध्ये जिनं 'पॅकमॅन' काढला. जगभरच्या पोरांनी ज्या पिवळ्या गोळ्यापायी नाणी संपवली, त्याच्या मुळाशी गच्चीवरचे दोन घोडे आहेत. नाकामुरा २०१७ च्या जानेवारीत गेले.

गच्च्या ओस का पडल्या, तेही सांगते, कारण त्यामागे मोठं दुःख आहे. १९७२ मध्ये ओसाकाच्या सेन्निची इमारतीला आग लागली, ११८ माणसं गेली. पुढच्याच वर्षी कुमामोतोच्या ताइयो स्टोअरमध्ये आगीत शंभरहून अधिक गेली. त्यानंतर नियम कडक झाले. आगीत लोकांना वर पळून जाता यावं म्हणून गच्ची मोकळी हवी. खेळण्यांची जागा आक्रसली. मग व्हिडिओ गेम आले, ते तळघरातही चालतात. मुलंही कमी झाली.

तोक्योत कामाताच्या एका इमारतीच्या गच्चीवर अजून छोटा पाळणा फिरतो. मागच्या उन्हाळ्यात आई इथे आली होती, तिला तिथे नेलं. वर गेल्यावर ती खाली न बघता गच्चीवरच्या बाकांकडे बघत होती. म्हणाली, "इथे सगळ्या आज्याच बसल्यात गं. आणि सगळ्यांच्या पर्समध्ये सुटे पैसे आहेत."

चक्रीपाळणा

धागा वाचून धीर आला म्हणून लिहितेय. इचलकरंजीत आमचं स्टेशनरी आणि खेळण्यांचं दुकान आहे. सासऱ्यांनी १९९६ ला मुंबईहून एक हत्ती आणला होता, फायबरचा, रुपया टाकला की डुलणारा. तेव्हा गावात तेवढा एकच. शाळा सुटली की रांग लागायची. सासरे आता नाहीत. हत्तीचा नाण्याचा डबा कधीच बंद पडला, आम्ही गल्ल्याखाली बटण काढून घेतलंय. मुलगा बसला की मी बटण दाबते, पैसे घेत नाही. गेल्या आठवड्यापासून मात्र हत्ती डुलताना प्रत्येक हेलकाव्याला एकदा खट् असा मोठा आवाज येतो. मालक म्हणतात काढून टाकू, जागा अडते. मला नाही टाकायचा. कुणाकडे न्यावा हेही कळत नाही. इथले यंत्रमाग दुरुस्त करणारे बघतील का?

दुपारपाळी

ताई, काढू नका! मी ठाण्यात मोटर रिवाइंडिंगचं काम करतो, असली खेळणी बरीच हातून गेलीत. आवाज सतत येत नाही, हेलकाव्याला एकदाच येतो, म्हणजे मोटर ठीक आहे. दोष पुढे आहे.

आतली रचना सगळ्यांची जवळपास सारखीच, अमेरिकेचा घोडा असो वा तुमचा हत्ती. मोटर मिनिटाला चौदाशेच्या वर फिरते. एवढ्या वेगानं पोराला हलवलं तर ते फेकलं जाईल. म्हणून आधी पट्टा आणि पुली, मग वर्म गिअरचा डबा. वर्म म्हणजे स्क्रूसारखा दांडा, तो पितळी चक्राचे दात एकेक करून पुढे ढकलतो. वेग उतरून मिनिटाला चाळीस-पन्नासवर येतो. त्या चक्राच्या दांड्यावर क्रँक आणि क्रँकपासून हत्तीच्या पोटापर्यंत जोडदांडा. क्रँक गोल फिरते, दांडा त्या फिरण्यातून हत्तीला वरखाली हलवतो. खोगीर मागे-पुढे कसं झुकणार हे सांधा कुठे ठेवलाय त्यावर ठरतं. काही जुन्या घोड्यांत लगाम ओढला की दुडकी चाल सोडून घोडा भरधाव सुटायचा, पण मी तसा घोडा उघडून पाहिलेला नाही.

आता तुमची परीक्षा. आधी प्लग काढा. नुसतं बटण बंद नको, प्लगच काढा. मग हत्तीचं डोकं धरून वरखाली हलवा. वर्म गिअर उलटा फिरत नाही, त्यामुळे हत्ती जागच्या जागी घट्ट राहायला हवा. जेवढा हलेल तेवढी झीज. दोन बोटं हलला तर जोडदांड्याच्या टोकाचा बुश, म्हणजे सांध्यातली धातूची नळी, झिजून गेलाय. वजन एका बाजूचं दुसऱ्या बाजूला पडतं तेव्हा ती मोकळी जागा भरून निघते, तोच तुमचा खट्. बुश लेथवर कुणीही करून देईल, इचलकरंजीत तर गल्लोगल्ली लेथ आहे. गिअरचं तेलही बदला, काळं डिंकासारखं झालं असेल.

आणि हे पैशाच्या मोबदल्यात नाही, मुलांसाठी सांगतोय : अर्थिंग तपासून घ्या. जुन्या खेळण्यांना दोनच तारा असतात. हत्ती फायबरचा असला तरी आतली चौकट लोखंडी आहे. पावसाळ्यात ओल्या पायाचं पोर बसतं. तिसरी तार टाका, ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावा, मगच चालू करा.

असंच त्यांनाही सांगतो जे परदेशातून जुना घोडा आणून हॉटेलात ठेवायचं म्हणतात. अमेरिकेचं यंत्र ११० व्होल्टचं. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्ट जुळतात, पण तिकडची वीज ६० हर्ट्झची आणि आपली ५० ची, ते जुळत नाही. मिनिटाला १७२५ फेऱ्यांची मोटर इथे साधारण १४४० वर येते, घोडा हळू डुलतो आणि मोटर तापते. मोटरच बदलावी. जुन्या रंगात शिसं असतं, अमेरिकेत घरगुती रंगांतलं शिसं १९७८ मध्ये बंद झालं. त्याआधीचा घोडा कोरड्या पॉलिश पेपरनं घासू नका, ती धूळ विष आहे.

खुर्दा

मी सोलापूरचा, नाणी जमवतो. सगळे घोड्याबद्दल लिहितायत, मी खाचेबद्दल लिहितो, कारण ही यंत्रं जगली किंवा मेली ती नाण्यापायी.

आत पडलेलं नाणं खरं की खोटं, हे यंत्राला एका क्षणात ठरवायचं असतं. पहिली परीक्षा व्यासाची : मोठं अडकतं, लहान बाजूच्या फटीतून परत येतं. दुसरी वजनाची : छोटासा तराजू असतो, हलक्या नाण्यानं तो कलंडतच नाही. तिसरी चुंबकाची, आणि तीच सगळ्यात सुंदर. लोखंडाची चकती चुंबकाला चिकटते आणि बाद होते. चांदीचं किंवा तांब्याचं नाणं चिकटत नाही, पण चुंबकाजवळून घरंगळताना त्यात वीज खेळते आणि त्याचा वेग कमी होतो. कुठल्या धातूचा वेग किती कमी होणार हे ठरलेलं. त्याप्रमाणे नाणं बरोबर ठिकाणी पडतं किंवा उडी चुकून परतीच्या वाटेला लागतं.

आता गंमत बघा. १९४३ मध्ये युद्धासाठी तांबं हवं म्हणून अमेरिकेनं पेनी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाची काढली. सरकारनं पाडलेलं खरं नाणं, पण यंत्रं त्याला खोटी चकती समजून परत टाकायला लागली! दुसऱ्याच वर्षी पोलाद सोडावं लागलं. ह्यातून ते शिकले. १९६५ मध्ये चांदी परवडेना झाली, तेव्हा दहा आणि पंचवीस सेंटांच्या नाण्यांना त्यांनी आत तांब्याचा गाभा आणि बाहेर तांबं-निकेलचे पदर दिले. असं करण्यामागे मोठं कारण हेच होतं की देशभरच्या लाखो यंत्रांना नवं नाणं जुन्यासारखंच वाटावं. व्यास तोच ठेवला. १९८२ मध्ये पेनी तांब्याऐवजी जस्ताची झाली, ३.११ ग्रॅमवरून २.५ वर आली, पण व्यास तेव्हाही तोच. म्हणून १९६२ चा घोडा आजची पेनी गिळतो. सँडीच्या चिकाटीत टांकसाळीचा वाटा आहे, गोदाकाठभाऊ.

इंग्लंडात १५ फेब्रुवारी १९७१ ला दशमान नाणी आली. जुन्या पेनीवर आणि तीन पेन्सांवर चालणारी यंत्रं काही महिन्यांत बदलावी लागली. सहा पेन्सांचं जुनं नाणं मात्र अडीच नवे पेन्स म्हणून १९८० पर्यंत चालू राहिलं.

आणि आपल्याकडे? आपला रुपया बघा. सत्तरच्या दशकातला तांबं-निकेलचा, ८ ग्रॅम, २८ मिलिमीटर. ऐंशीच्या दशकात ६ ग्रॅम, २६ मिलिमीटर. १९९२ पासून स्टेनलेस स्टीलचा, ४.८५ ग्रॅम, २५ मिलिमीटर. २०११ पासून ३.७९ ग्रॅम आणि २२ मिलिमीटरला जरा कमी. चार दशकांत चार रुपये! शिवाय स्टीलचा रुपया चुंबकाला चिकटतो. म्हणजे परदेशी धर्तीच्या डब्यातला चुंबक आपल्या खऱ्या रुपयालाच चोर ठरवणार. चक्रीपाळणाताई, तुमचा १९९६ चा डबा २५ मिलिमीटरच्या स्टीलच्या रुपयासाठी केलेला असणार. २०११ नंतरचा रुपया त्यातून नुसता घरंगळून खाली येतो. तुमचा डबा बिघडलेला नाही ताई. त्याला त्याचा रुपया मिळत नाहीये, एवढंच.

चक्रीपाळणा

खुर्दाकाका, वाचून डोळ्यांत पाणी आलं. सासरे शेवटपर्यंत म्हणायचे, "डबा बरा आहे, लोकच बारीक रुपया टाकतात." आम्ही त्यांना समजावत बसायचो.

ओतारी

ताई, टोकन करून घ्या. पितळेचा १.२ मिलिमीटरचा पत्रा घ्यायचा, २५ मिलिमीटरचा पंच मारायचा. वजन पाच ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे जुन्या रुपयाला लागून. हुपरीत चांदीचं काम करणारे पंच मारून देतील, तुमच्यापासून लांब नाही. कडा मात्र घासून गोल करून घ्या, मुलांच्या हातात जाणार आहेत.

समुद्रसपाटी

धागा वाचताना लहानपणीचं वजनाचं यंत्र आठवलं. दादर स्टेशनवरचं. लाल-पिवळे दिवे, फिरणारी चकती, रुपया टाकला की खडखड करून पुठ्ठ्याचं तिकीट. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला नटीचा फोटो आणि भविष्य. वजन कुणाला हवं होतं, आम्ही फोटोसाठीच टाकायचो.

गोदाकाठ

काय जुळतंय बघा! हासचे घोडे खपवणारी जी एक्झिबिट सप्लाय कंपनी होती, तिचा आधीचा मोठा धंदा हाच. यंत्रात नाणं टाकायचं आणि नटनट्यांचा किंवा बेसबॉल खेळाडूंचा फोटो असलेलं कार्ड बाहेर. ती कार्डं आज लोक जपून ठेवतात. शिकागोच्या यंत्राचं कार्ड आणि दादरचं तिकीट एकमेकांना ओळखत नव्हते, पण खाचेशी उभ्या पोरांची अधिरता तीच.

सँडीच्या पोटावर टकटक केली, काका. लेकीनंही केली, मग मागच्या बाईंच्या मुलानंही. बद्द आवाज नाही, भांड्यासारखा आला.

अर्धविराम

माझं मत पूर्ण बदललेलं नाही. लिफ्टच्या तोंडाशी सहा खेळणी ठेवणाऱ्याला मी माफ केलेलं नाही. पण बटण दाबून पैसे न घेणाऱ्या ताई आणि घोडे पुसणारा नाकामुरा हे दोन्ही वाचल्यावर एवढं म्हणते, की माझा राग घोड्यावर नव्हता. ताई, हत्तीचं काय झालं ते नक्की कळवा.

चक्रीपाळणा

कळवायला उशीर झाला, माफ करा. रविवारी दुकान बंद ठेवून हत्ती उघडला. प्लग काढून डोकं हलवलं तर दोन बोटं नाही, चांगली चार बोटं हलत होता. दुपारपाळीदादा, बुशच होता, अंडाकृती झालेला. शेजारच्या लेथवाल्यानं गनमेटलचा करून दिला, पैसे घेईना. तो लहानपणी ह्याच हत्तीवर बसलेला होता, हे मला माहीत नव्हतं. तेल खरंच डिंक झालं होतं. अर्थिंग घेतलं, ईएलसीबी लावला, बिल मालकांनी स्वतः दिलं.

नाण्याचा डबा उघडला तर तळाला १९९२ नंतरच्या जाड रुपयांतले सात सापडले, काळे पडलेले. चिंच आणि मिठानं घासले. हुपरीहून चाळीस टोकन आणली. मुलांना फुकटच देते, पण टाकायचं त्यांनी स्वतःच्या हातानं. पहिलं टोकन टाकलं तेव्हा आत आधी खळ्ळ झालं, मग टिक्, आणि मग हत्ती उचलला. खट् नाही.

ते सात रुपये सासऱ्यांच्या फोटोखाली ठेवलेत. संध्याकाळी सहावीतला एक मुलगा आला, म्हणाला, "काकू, मी मोठा झालोय, पण एकदा बसू का?" वजन पेलेल का हे दुपारपाळीदादांना विचारून सांगते म्हटलं. तर दादा, पस्तीस किलो चालेल का?

दुपारपाळी

चालेल. बुश नवा आहे, बसू द्या.